सरवा वेचायला गेलेली सून

भोर-वेल्ह्याकडच्या ख्रिस्ती घरांत दुखवट्याला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘प्रभूची योजना होती.’ बोलणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, हात समोरच्याच्या खांद्यावर असतो, आणि तरी त्या वाक्यानं ज्याचं माणूस गेलंय तो कधीकधी आणखीच एकटा पडतो. या भागात आपली मंडळी मुळात थोडी. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी 1893 मध्ये पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन सुरू केलं, नसरापूरला त्याचं ठाणं झालं, आणि त्या कामातून काही कुटुंबं प्रभूच्या ओळखीत आली. त्यांचे नातू-पणतू आज कुणी शिरवळच्या कंपनीत आहेत, कुणी पुण्यात, तर कुणी अजून भातखाचरात. माणसं थोडी असली की सगळ्यांची दुःखं सगळ्यांना ठाऊक असतात, आणि धीराची वाक्यंही सगळ्यांना पाठ होऊन बसतात.

पुढचं बोलणं एका घरातलं नाही. दोन-तीन घरांत जे ऐकलं ते मी एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातलं आहे. आत्यांनी उमेदीची सगळी वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. भाचा शिरवळला मेंटेनन्सला आहे. त्याच्या वडिलांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस चाललं, मार्चमध्ये ते वारले. देणं डोक्यावर राहिलं. विंझरच्या पुढे घरची भातखाचरं आहेत, सातबाऱ्यावर आत्यांचंही नाव आहे, आणि चेलाडी फाट्यावरचा एक एजंट पुण्याची पार्टी घेऊन तयार आहे. भाचा सहीसाठी आला आहे.

भाचा : आत्या, सरळ सांगतो. मला तुझी सही हवी आहे. प्रार्थना नको.

आत्या : सही देते. आधी बस तर. जेवलास?

भाचा : दुसरी पाळी आहे. लगेच निघायचंय. एजंट म्हणतो तिथनं तोरणा दिसतो, भाव चांगला येईल. या आठवड्यात इसार घ्यायचा. पतसंस्थेचं आणि दवाखान्याचं, दोन्ही देणी निघतील.

आत्या : प्रभूला विचारलंस?

भाचा : विचारलं होतं की. गेल्या 31 डिसेंबरच्या रात्री. पेटीतून चिठ्ठी उचलून वर्षाचं वचन घ्यायला सगळे रांगेत उभे होतो. पप्पांच्या चिठ्ठीत दीर्घायुष्याचं वचन निघालं. सगळ्या मंडळीनं ‘आमेन’ म्हटलं. ती चिठ्ठी त्यांनी डायलिसिसच्या फायलीत पहिल्याच प्लॅस्टिकच्या खिशात घातली, रिपोर्टांच्याही वर. मशीनवर चार-चार तास पडून असायचे तेव्हा फाईल उघडून तेवढंच वाचायचे. मार्चमध्ये गेले. फाईल अजून कपाटात आहे, आत्या. ती चिठ्ठी मला काढून टाकवत नाही, वाचवतही नाही. आता पुन्हा त्यालाच विचारू?

आत्या : दर डिसेंबरला आम्ही बायका बसून त्या चिठ्ठ्या लिहितो, कापतो, घड्या घालतो. ईयोबाचा तिसरा अध्याय त्यात कुणी घालत नाही. जन्माला आलो तो दिवसच नसता तर बरं झालं असतं, असं तो तिथे म्हणतो. 88वं स्तोत्रही कुणी घालत नाही. ते अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, हालेलूया नाही. देवानं स्वतःच्या पुस्तकात ते ठेवलं, आणि आम्ही पेटीत घालायला भितो.

भाचा : म्हणजे ते वचन खोटं होतं.

आत्या : वचन खोटं नव्हतं. आम्ही ते भविष्य म्हणून वाटलं. भविष्य ऐकायला माणूस धावतो, म्हणून वाटलं.

भाचा : मग तो सोबत आहे हे तरी कशावरून? आपले दोन तालुके बघ. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. एवढी धरणं उशाला असून एप्रिल लागला की वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. पाणी डोळ्यांसमोर आणि हंडा रिकामा. तुझ्या प्रभूचं सान्निध्य मला तसंच वाटतं.

आत्या : मग हंडा रिकामा आहे हे मोठ्यानं म्हण. अर्ध्या स्तोत्रांत दुसरं काय आहे? तू उपासनेला येत नाहीस याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. तू त्याच्याशी भांडायचाही थांबलास, याचं वाटतं.

भाचा : भांडायला समोर कुणी असावं लागतं. माझं काम काय आहे? मशीन बंद पडलं की कारण शोधायचं. बेअरिंग गेलं असेल तर बेअरिंग म्हणायचं, दुसरं काही नाही. पानशेतचंच घे. 12 जुलै 1961. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, पाप वाढलं म्हणून. पण खरं काय होतं? काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं होतं, पाणी सोडायच्या नळमार्गाचं बांधकाम कच्चं होतं. त्यात देवाला कुठे बसवणार?

आत्या : त्या पापाच्या गोष्टीवर येशू काय म्हणाला ते लूकच्या 13व्या अध्यायात आहे. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं चिरडली. लोकांना वाटत होतं, ती माणसं जास्त पापी असणार. तो म्हणाला, नाही. बुरूज का पडला ते शोधू नका असं तो म्हणाला नाही. मेलेल्यांच्या माथी दोष मारू नका, आणि आपलं बघा, एवढंच म्हणाला. तू बेअरिंग शोध. तो आडवा येत नाही.

भाचा : मग त्याचा उपयोग काय?

आत्या : त्याच पानशेतवर आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धरण वाचणार नाही हे दिसत असूनही रचत राहिले. म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. पुणं झोपेत असतं तर काय झालं असतं? मला त्या पोत्यांपाशी प्रभू दिसतो.

भाचा : हेच मला पटत नाही. पोती जवानांनी उचलली. त्यांच्या पाठीचं श्रेय तू काढून वर देतेस. आणि द्यायचंच तर हिशेब दोन्ही बाजूंनी दे. जे वाचले ते देवानं वाचवले, मग जे वाहून गेले ते कुणी सोडले?

इथे मी भाच्याच्या बाजूनं आहे, आणि ते लपवत नाही. रविवारी साक्षी होतात. घाटात गाडी उलटली, खरचटलंसुद्धा नाही, प्रभूची स्तुती असो. मागच्या बाकावर त्याच घाटात नवरा गमावलेली बाई बसलेली असते, आणि तिलाही ‘आमेन’ म्हणावं लागतं. वाचलेल्यानं आभार जरूर मानावेत. पण ते आभार तिच्या कानावर काय होऊन पडतात, याचा विचार आपल्या मंडळ्यांत फार कमी होतो. आत्यांनाही हे माहीत असावं, कारण त्यांनी वाद वाढवला नाही.

आत्या : बरोबर आहे तुझं. वाहून गेलेल्यांचं माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून एक गोष्ट मी धरून आहे. माझ्यावर जे आलं त्याचा अर्थ मी लावीन. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ मी लावणार नाही, तुझ्या पप्पांच्या मरणाचाही नाही. माझा पाठचा भाऊ होता तो, तरी नाही.

भाचा : पण सगळे लावतात. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर ठरलेलं. केडगावला त्यांचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो तेव्हाही तेच ऐकलं. देवानं त्यांना दुःखातून घडवलं.

आत्या : काय घडलं होतं ते आधी नीट बघ. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली, उपासमारीनं. बहीण-भाऊ दोघं पायी देश तुडवत राहिले. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये डॉक्टर व्हायला म्हणून विलायतेला गेल्या, तर कानांनी दगा दिला, ती वाटही बंद. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भाचा : आणि मग थोर झाल्या. म्हणजे एका बाईला थोर करायला सगळं घर उपाशी मारायचं? असा देव मला नको.

आत्या : मलाही नको. मी तसं म्हणतच नाही. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तोवर पुण्यात त्यांचं शारदा सदन चालू होतं, हाताशी काम होतं, घरी बसल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्या उठून गेल्या, आणि रस्त्याकडेच्या, छावण्यांतल्या शेकडो मुली घेऊन आल्या. भूक कशी दिसते हे त्यांना माहीत होतं. आपली भूक कशासाठी होती हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण दुसऱ्याची भूक त्यांनी लांबून ओळखली. कारण मिळणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं.

भाचा : पुढे मनोरमाही गेली त्यांच्या डोळ्यांदेखत.

आत्या : 1921 मध्ये. एकुलती एक, आणि मुक्तीचा भार जिच्यावर टाकायचा ती. तेव्हा रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, केडगावच्या मुलींनी स्वतः छापलेलं. मुलीच्या मरणानंतर त्या बाईला काही दर्शन झालं की नाही, मला माहीत नाही. काम सुटलं नाही, एवढं दिसतं.

रमाबाईंवर इतकं लिहिलं गेलं आहे की त्यांचं दुःख आता पायरीसारखं वापरलं जातं. पहिली पायरी दुष्काळ, दुसरी वैधव्य, वर मुक्ती मिशन. आत्या तसं करत नाहीत. त्या मधल्या जागा मोकळ्या ठेवतात. मात्र मला विचाराल तर आत्यांचं खरं पुस्तक रमाबाईंचं चरित्र नाही, रूथ आहे. चार अध्याय. त्यांची बायबलची प्रत त्या पानांवर आपोआप उघडते.

आत्या : नामीची गोष्ट आठवते? बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नवरा आणि दोन मुलगे घेऊन ती मवाबात गेली. आपल्या वेल्ह्याची माणसं मुंबईला गेली तशीच, पोटासाठी. तिथे नवरा मेला. मुलांची लग्नं झाली, तेही मेले. रिकाम्या हातानं परत आली, सोबत एक परजातीची सून. गावातल्या बाया जमल्या. ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवानं मला कडू केलंय. तिला कुणीही गप्प केलं नाही. पुस्तकात कुणी नाही, लिहिणाराही नाही.

भाचा : पुढे सुनेला शेताचा मालक बवाज भेटतो, सगळं गोड होतं.

आत्या : थांब, तिथपर्यंत जाऊ नकोस. त्या सगळ्या पुस्तकात देव कुणाशी एक शब्द बोलत नाही. स्वप्न नाही, देवदूत नाही. घरात दाणा नाही एवढंच रूथला माहीत आहे. ती सासूला म्हणते, मी सरवा वेचायला जाते. कुणाचं शेत, मालक कोण, काही ठाऊक नाही. माझी आई जायची सरव्याला. एक वर्ष आपलं खाचर गहाण पडलं होतं. लोकांची कापणी उरकली की आम्ही दोघी. कापलेल्या भाताचे खुंट ओले असले तरी तळपायाला सुईसारखे लागायचे. गळून पडलेल्या, चिखलात दबलेल्या लोंब्या उचलायच्या, झटकायच्या, ओटीत टाकायच्या. संध्याकाळी अंगणात पायानं चुरायच्या, मग सूप. दिवसभराचं एवढं पायलीभरही व्हायचं नाही. पण एका शेतकऱ्याच्या खाचराच्या कडेला दरवर्षी दोन-चार चुडं उभीच असायची. विळा तिथपर्यंत गेलेलाच नसायचा. आई म्हणायची, ते आपल्यासाठी आहे, ओरबाडू नको.

भाचा : तो शेतकरी ख्रिस्ती होता?

आत्या : नाही. माळकरी होता.

भाचा : मग? हे माणसाचं चांगलेपण झालं. देवाचं काय त्यात?

आत्या : शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं, हे लेवीयाच्या 19व्या अध्यायात आहे. रूथ जन्मायच्या कितीतरी आधीचं. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हाच तिच्यासाठी कोपरा सोडलेला होता. माणसाच्या चांगुलपणाचं श्रेय मी काढून घेत नाही. पण तो कोपरा सोडावा हे पहिल्यांदा कुणाच्या मनात आलं, हे मला विचारावंसं वाटतं. तो माळकरी त्याच्या विठ्ठलाचं नाव घेईल. मी माझ्या प्रभूचं घेते. त्या वर्षी आम्ही जेवलो.

भाचा : आणि मवाबात पुरलेले तिघं?

आत्या : पुस्तक त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. शेवटी नामीच्या मांडीवर नातू आहे. पण मेलेली मुलं त्यानं भरून निघाली असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पोरांचा मोबदला नसतो.

भाचा : आत्या, पप्पा गेले त्या रात्री मी कॉरिडॉरमध्ये होतो. मी प्रार्थना केली. खरंच केली, लहानपणी करायचो तशी. काही म्हणजे काही जाणवलं नाही. भिंत नुसती. तू रात्रपाळ्या केल्यास, तू तरी खरं सांग, तिथे कुणी असतं?

आत्या : पहाटे तीनच्या सुमाराला पेशंट हमखास विचारायचे, सिस्टर, मी जगेन ना? मला माहीत नसायचं. डॉक्टरांनाही नसायचं. मी नाडी बघायची, ओल्या कापसानं ओठ पुसायचे, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसायचे. पुन्हा तो प्रश्न फार कमी जणांनी विचारला. त्यांना उत्तर मिळालं होतं म्हणून नाही. गेथशेमानेत येशूनं काय मागितलं? हा प्याला टळू दे असं तीनदा मागितलं, टळला नाही. आणि शिष्यांकडे मागितलं, जागे राहा. ते झोपले. वधस्तंभावर तर मला का सोडलंस म्हणून ओरडला. तुला भिंत लागली म्हणतोस, त्याला काय लागलं होतं? ज्याला कधी भिंत लागली नाही अशा देवाला मी माझं काही सांगू शकले नसते.

भाचा : त्या रात्री समोरच्या पेशंटची आई होती बाकड्यावर. गळ्यात तुळशीची माळ. तिचा स्वतःचा मुलगा आत होता. तिनं थर्मासातला चहा झाकणात ओतून दिला. काही बोलली नाही. आपली चादर माझ्या पायांवर टाकली आणि बसून राहिली. सकाळी मी कागदांच्या गडबडीत, तिचं नावही विचारलं नाही.

‘बघ, तोच प्रभू होता’ हे वाक्य इथे चपखल बसलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही घरप्रार्थनेत कुणीतरी ते बोललंच असतं. आत्या बोलत नाहीत. मला त्यांचं हेच सर्वांत पटतं. ती बाई त्या बाईचीच राहू द्यावी. भाच्याला पुढे कधी त्या चादरीत काही दिसलं तर ते त्याचं त्याला दिसेल, आणि नाही दिसलं तरी त्याच्या पायांना ऊब मिळालीच होती. देवाची बाजू मांडायची घाई आपल्याला इतकी असते की आपण समोरच्याच्या आधी बोलून जातो.

आत्या : आता जमिनीचं बोलू. देणं नेमकं किती, सगळे कागद आणलेस?

भाचा : आणलेत. हे बघ. व्याज धरून.

आत्या : आणि खाचरं सध्या कोण करतं?

भाचा : वरच्या वाडीची एक बाई. नवरा गेल्यापासून तीच वाट्यानं करते. झोपडंही तिथेच बांधावर आहे.

आत्या : तिला सांगितलंस?

भाचा : तिला काय सांगायचं? तिचं नाव कुठे आहे सातबाऱ्यावर?

आत्या : रूथचंही नव्हतं.

भाचा : आत्या, हे अन्याय्य आहे. माझ्या डोक्यावर कर्ज आहे. माझा कोपरा कुणी सोडला?

आत्या : मी विकू नकोस म्हणत नाही. विक. कर्ज काढून बापाची सेवा केलीस, त्या कर्जात तुला बुडू द्यायचं नाही, माझ्या वाट्याचे पैसेही त्यातच घाल. पण उभं पीक तिच्या घरात गेल्याशिवाय ताबा द्यायचा नाही. आणि तिचं झोपडं आहे तेवढी जागा बाजूला काढता येते का ते बघू. तुकडेबंदीचा कायदा आहे, तलाठ्याला विचारावं लागेल. नाहीच जमलं तर आलेल्या पैशातून तिचं काय करायचं ते आधी ठरवू, मग इसार.

भाचा : हे तुला प्रभूनं सांगितलं? आज सकाळी?

आत्या : लेवीयात लिहिलेलं आहे. तेवढं करून झालं की पुढचं विचारू त्याला.

भाचा : एजंट थांबणार नाही.

आत्या : तोरणा कुठे जात नाही. दुसरा एजंट येईल. कागद इथे ठेवून जा, रात्री वाचते. सोमवारी पहिल्या एसटीनं निघू, दोघं.

भाचा : मी रविवारी येणार नाहीये, आत्या. आधीच सांगतो.

आत्या : मी सोमवार म्हटलं. भाकरी बांधून देऊ, की खाऊन जातोस?